चमत्कार, नमस्कार आणि अनुसरण

‘चमत्कारावाचून नमस्कार नाही’ ही म्हण आपल्या बोलण्यात इतकी रुळली आहे की, तिची पारख करावी असे कोणास वाटत नाही. आज एखाद्या धर्मपुरुषाने सर्वांच्या डोळ्यांदेखत भिंत चालविली, तर लोक त्याच्यामागे जातील काय, असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस कधीकधी विचारतात. ‘आजचे युग विज्ञानाचे आहे’ एवढे सांगून त्यांची बोळवण करणे सोपे असते. परंतु पूर्वीचे लोक चमत्कार पाहूनच मागे गेले, हे त्या उत्तरात गृहीत धरलेले असते. इतिहास त्यास कितपत दुजोरा देतो, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम गोमंतकातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घेऊ. फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यास उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून हिंडत आणि मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत. त्याच वर्षी ते दक्षिणेस, मोती काढणाऱ्या परवर लोकांच्या किनाऱ्यावर गेले. हे लोक त्यापूर्वीच, 1535 ते 1537 च्या सुमारास, हजारोंच्या संख्येने ख्रिस्ती झाले होते. प्रतिस्पर्ध्यांपासून पोर्तुगीजांचे संरक्षण मिळावे, हे त्याचे मुख्य कारण होते. नव्या धर्माची शिकवण मात्र त्यांना त्यांच्या भाषेत कोणी दिली नव्हती. झेवियर यांनी दोन्ही भाषा जाणणारी माणसे हाताशी धरून प्रार्थनांचे तमिळ भाषांतर करविले, ते स्वतः पाठ केले आणि गावोगाव लोकांकडून म्हणवून घेतले. जानेवारी 1544 मध्ये कोचीनहून धाडलेल्या पत्रात भाषेची ही अडचण नमूद आहे, आणि बाप्तिस्मा देता देता हात थकून जात, हेही नमूद आहे. आजाऱ्यांकडे आपण मुलांना प्रार्थना म्हणावयास पाठवितो व अनेकांस आराम पडतो, असेही ते लिहितात. पण त्याचे श्रेय ते ईश्वराच्या दयेस देतात, स्वतःच्या सिद्धीस नव्हे. 1549 मध्ये ते जपानात पोहोचले, तेव्हा तेथेही भाषेवाचून त्यांची तीच कुचंबणा झाली.

3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर त्यांचे निधन झाले आणि 1622 मध्ये रोमने त्यांस संतपद दिले. या सत्तर वर्षांच्या काळात, भाषा येत नाही म्हणून जो पुरुष दुभाष्यांच्या आधाराने धडपडला, त्यास परक्या भाषा दैवी वरदानाने अवगत होत्या, अशी आख्यायिका रूढ झाली. म्हणजे अनुयायी आधी आले आणि कथा मागाहून आली. पहिल्यांस आणले ते गरजेने, आणि त्यांना टिकविले ते परिश्रमाने.

आपल्या संतांकडे वळावे तर निराळे काय दिसते? ज्ञानेश्वरी शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मधील. रेड्याच्या व भिंतीच्या कथा अभंगांतून येतात. पण त्या घरोघरी पोहोचविणारा महिपतींचा ‘भक्तविजय’ 1762 मधील आहे. मधली पावणेपाचशे वर्षे वारकऱ्यांस बांधून ठेवणारी मुख्य शक्ती म्हणजे गीतेचा अर्थ आपल्या भाषेत मिळाल्याचा आनंद व सामुदायिक भजन, असे आम्हांस वाटते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत तरल्याची कथा मात्र जुनी आहे, हे मान्य केले पाहिजे. तिचा उल्लेख त्यांच्या नावावरील अभंगांतही आहे. तथापि वह्या बुडविण्याची पाळी आली, ती लोक आधीच त्यांच्या कीर्तनास लोटत होते म्हणूनच. आणि चमत्कार दाखवून लोकांस भुलविण्याची विद्या आपणांजवळ नाही, हे तर तुकोबांनी स्वतःच सांगितले आहे.

आता आपल्या काळातील अनुभव. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो अशी वार्ता देशभर, नव्हे परदेशांतही पसरली. देवळांपुढे रांगा लागल्या. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढले जाऊन मूर्तीवरून खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखविले. परंतु आमच्या दृष्टीने अधिक बोलकी गोष्ट निराळीच आहे. चमत्कार खरा मानणारे असंख्य होते, तरी त्या दिवसातून पंथ निघाला नाही की कोणाचे आचरण पालटले नाही. दोन दिवसांत घरोघरी चमचे पुन्हा फडताळात गेले.

याचा अर्थ चमत्काराचे आकर्षण संपले असा नव्हे. तसे असते, तर तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळण्यास व फसविण्यास बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रास 2013 मध्ये करावा लागला नसता. आणि त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी 20 ऑगस्ट रोजी हत्या झाली, ही लाजिरवाणी गोष्टही आपण विसरू नये. आजारी, कर्जबाजारी, निपुत्रिक माणूस आजही बाबाच्या दारी जातो. पण तो व्यवहार असतो. गुण आला नाही की माणूस दुसरे दार ठोठावतो.

नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात जुन्या गोव्यात झेवियर यांच्या पार्थिव अवशेषांचे दर्शन झाले. ‘गोंयच्या सायबा’पुढे हिंदूही हात जोडतात आणि घरी परतून आपल्या कुलदेवतेपुढे दिवा लावतात. त्यात आम्हांस विसंगती दिसत नाही. उलट आपल्या म्हणीचा खरा अर्थ तेथे उलगडतो. म्हण नमस्कारापुरतीच बोलते, अनुसरणाविषयी तिने काहीच सांगितलेले नाही.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचे उत्तर असे की, भिंत चालली तर गर्दी जमेल, आणि आजच्या साधनांमुळे पूर्वीपेक्षा मोठी जमेल. पण आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर पायी जाणारा वारकरी वाटेत भिंत चालेल म्हणून निघत नाही. पुढच्या आषाढात तो पुन्हा निघतो, आणि तसे निघावयास लावणे हे कोणत्याही चमत्कारास साधलेले नाही.