टिंब गेलेले उच्चार : पेण-रोह्याची बोली आणि ध्वनिचिन्हे

रायगडच्या खारेपाटातल्या आगरी बोलीत ‘गाडी’ची ‘गारी’ होते, ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोला’. पेण-रोह्याच्या बाजारात हे उच्चार नेहमी कानावर पडतात. पण बोलीतला प्रत्येक उच्चार कागदावर नेमका उतरवायला देवनागरी लिपी पुरी पडत नाही. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले दोन वेगळे च देवनागरीत एकाच अक्षराने लिहिले जातात.

जॉर्ज ग्रियर्सन यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात याची सोय होती. उधळ्या मुलाची बायबलमधली गोष्ट प्रत्येक बोलीत सांगवून सरकारी अधिकाऱ्यांमार्फत मागवली जाई. सोबत २४१ शब्द-वाक्यांची ठरावीक यादीही असे. मराठीचा सातवा खंड नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी सिद्ध केला आणि तो १९०५ मध्ये निघाला. त्यात तेव्हाच्या कोलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली आगरीही आहे. चाकातला च तिथे ‘ट’ आणि ‘स’ची रोमन अक्षरे जोडून लिहिला जातो. ण, ळ आणि ड यांसाठी रोमन अक्षराखाली टिंब येते. त्यामुळे आगरीचा स्वभाव पानावर डोळ्यांना दिसतो : पानी, डोला, गारी, तिन्हीकडे प्रमाण मराठीतले एक टिंब गेलेले.

या पद्धतीची कमजोरी मोठी होती. कोनो यांच्यापुढे कागद होता, बोलणारा नव्हता. लिहून घेणाऱ्याने सवयीने ‘पाणी’ लिहिले, की टिंब तसेच राही आणि खरा उच्चार हरवे. चिन्ह कितीही बारीक असले, तरी पहिल्या ऐकणाऱ्याच्या कानापलीकडे ते जात नाही.

पॅरिसमध्ये १८८६ साली पॉल पासी आणि इतर भाषाशिक्षकांनी स्थापलेल्या संघटनेने पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिवर्णमाला रुळवली. तीत टिंबाच्या जागी अक्षराला उजवीकडे वळलेली शेपटी असते. नैर्ऋत्य इंग्लंडच्या खेड्यांत ‘फार्म’मधला र जीभ मागे वळवून उच्चारतात, त्या र लाही हीच शेपटी लागते, तर लंडनच्या प्रतिष्ठित उच्चारात तो र नसतोच. मराठी वाचकाला इंग्लंडची बोली आणि इंग्रजी वाचकाला आगरी एकाच खुणेने कळावी, हे या वर्णमालेचे खरे सामर्थ्य. हॅरल्ड ऑर्टन यांच्या इंग्रजी बोलींच्या सर्वेक्षणात १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी संशोधक स्वतः गेले आणि समोर बसलेल्या माणसाचा उच्चार तिथेच चिन्हांत उतरवू लागले.

महाराष्ट्रात त्याच सुमारास अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींची ग्रंथमाला हाती घेतली. तिच्यातले महाडच्या कुणबी बोलीवरचे पुस्तक १९६६ मध्ये आले. महाड रोह्याच्या दक्षिणेला, त्याच जिल्ह्यात आहे. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या बोली-सर्वेक्षणात बोलणाऱ्यांचे ध्वनिमुद्रणही आहे. त्यामुळे लिहिलेला उच्चार पुन्हा ऐकून तपासता येतो.