‘मूस कॉलिंग’ म्हणजे काय? मादीचा आवाज काढून महाकाय नराला कसं बोलावतात?

कॅनडा-अमेरिकेतल्या शिकारीच्या व्हिडिओंमध्ये तळ्याकाठी उभा असलेला माणूस कर्णा तोंडाला लावून लांबलचक, रडवेला आवाज काढताना दिसतो. काही वेळाने झाडीतून एक अवाढव्य प्राणी बाहेर येतो. या तंत्राला ‘मूस कॉलिंग’ म्हणतात. आपल्याकडच्या शिकारकथांमध्ये ‘हाका’ घालून जनावराला पळवलं जायचं. इथे उलटं आहे, जनावराला बोलावलं जातं.

मूस म्हणजे नेमकं कोण?

मूस ही हरणांच्या कुळातली सर्वांत मोठी जात. मोठ्या नराची खांद्यापर्यंतची उंची जवळपास २ मीटर असते आणि वजन ५०० किलोच्या पुढे जातं. नराची शिंगं पंज्यासारखी पसरट असतात.

हाकेला तो येतोच का?

कारण मीलनाचा हंगाम. उत्तर अमेरिकेत सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हा काळ असतो. मादी साधारण एकच दिवस माजावर राहते. गर्भ राहिला नाही, तर पुढची संधी सुमारे तीन आठवड्यांनी येते. त्यामुळे मादीची हाक ऐकली की नराला उशीर परवडत नाही. ऐन हंगामात तो काही दिवस खाणंही जवळजवळ सोडतो.

त्याचे कानही तिखट असतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी कृत्रिम कान आणि मूसची खरी शिंगं वापरून प्रयोग केला. पसरट शिंगांवर आदळून आवाज परत फिरतो आणि कानापाशी तो सुमारे १९ टक्के वाढतो, असं त्यात आढळलं. म्हणजे ही शिंगं डिश अँटेनासारखं काम करू शकतात.

आवाज कसा काढतात?

• मादीची हाक: लांब, नाकातून आल्यासारखी, शेवटी खाली उतरणारी.
• नराचा हुंकार: तुटक आणि घोगरा. दुसरा नर आलाय असं वाटून पहिला नर चिडतो.
• खरवडणं: नर झुडपांवर शिंगं घासतात. तोच आवाज जनावराच्या खांद्याचं सपाट हाड फांद्यांवर घासून काढतात.
• पाणी ओतणं: मादी पाण्यात उभी राहून लघवी करतेय असं भासवण्यासाठी.

पारंपरिक कर्णा बर्च झाडाच्या सालीचा असतो. आपलं भूर्जपत्र याच कुळातल्या हिमालयातल्या झाडाचं. मिकमॅक, क्री यांसारखे मूळनिवासी समाज ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपत आले आहेत.

मग नर थेट समोर येतो?

बऱ्याचदा नाही. तो आवाज न करता वळसा घालतो आणि वाऱ्यावर वास येईल अशा बाजूने जवळ सरकतो. म्हणून अनेकदा एक जण हाक देतो आणि बंदूकवाला त्याच्यापासून दूर, त्या वळशाच्या वाटेवर थांबतो. माजावरचा नर अंगावरही येऊ शकतो. त्यामुळे फोटो किंवा रीलसाठी असा आवाज काढणं जिवावर बेतू शकतं.

यावर वाद का आहे?

हाक चालते ती फक्त मीलनाच्या दिवसांत. म्हणजे पुढची पिढी जन्माला घालण्याच्या घाईत असलेला नरच मारला जातो. नर फार कमी झाले, तर काही माद्यांचं मीलन लांबतं आणि पिल्लं उशिरा जन्मतात. अशा पिल्लांना हिवाळ्याआधी वाढायला कमी वेळ मिळतो.

म्हणूनच किती जणांना शिकार करू द्यायची, यावर मर्यादा असते. अमेरिकेतल्या मेन राज्यात अनेक दशकांच्या बंदीनंतर १९८० मध्ये शिकार पुन्हा सुरू झाली, तीही फक्त ७०० परवान्यांनी. आजही तिथे परवाना लॉटरीतून मिळतो. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात मुख्य भूमीवरच्या मूसना २००३ मध्ये संकटग्रस्त घोषित करण्यात आलं.

क्युबेकमध्ये तर वाद रस्त्यावर आला. ला व्हेरांद्री अभयारण्यात मूस कमी होत असल्याचं सांगत अल्गॉन्क्विन समाजाने २०२० मध्ये हौशी शिकाऱ्यांच्या वाटा अडवल्या. या समाजासाठी मूस म्हणजे वर्षभराचं अन्न. पुढच्या वर्षी सरकारने तिथली हौशी शिकार दोन वर्षांसाठी थांबवली.

थोडक्यात, हाक जितकी हुबेहूब, तितका नर हमखास फसतो. म्हणून ती किती जणांनी द्यायची, हे जंगलात किती मूस उरलेत त्यावर ठरवावं लागतं.