सलीम-जावेद : सहलेखन आणि पटकथाकाराची व्यावसायिक ओळख

प्रस्तावना :

चित्रपट ही सामूहिक कला आहे, असे नेहमी म्हटले जाते. परंतु या समूहात लेखकाचे स्थान नेमके कोणते, या प्रश्नाचा विचार हिंदी चित्रपटाच्या इतिहासलेखनात तुलनेने कमी झाला आहे. नट, दिग्दर्शक व संगीतकार यांच्या नावावर चित्रपट विकला जाई. पटकथाकाराचे नाव बहुधा श्रेयनामावलीपुरतेच उरे. १९७० च्या दशकात ही स्थिती बदलण्यात सलीम खान व जावेद अख्तर या लेखकद्वयाचा वाटा मोठा होता. सहलेखनामुळे त्यांना कोणती व्यावसायिक ओळख लाभली आणि त्या ओळखीच्या मर्यादा कोणत्या होत्या, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

पूर्वपीठिका :

कथा, पटकथा व संवाद ही तीन कामे वेगवेगळ्या व्यक्तींकडे सोपविण्याची पद्धत हिंदी चित्रसृष्टीत रूढ होती. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) या चित्रपटासाठी अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा आणि एहसान रिझवी असे चार लेखक होते. म्हणजे अनेकांनी मिळून लिहिणे नवे नव्हते; त्या एकत्रित लेखनाला स्थायी नाव मात्र नव्हते. संगीताच्या क्षेत्रात ते होते. शंकर-जयकिशन, कल्याणजी-आनंदजी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडनावांना बाजारात स्वतंत्र मोल होते. लेखनाच्या क्षेत्रात असे मोल सलीम-जावेद यांनी निर्माण केले.

जोडनावाची घडण :

इंदूरचे सलीम खान नट होण्यासाठी मुंबईत आले होते. ‘तीसरी मंझिल’ (१९६६) मध्ये त्यांनी लहान भूमिकाही केली. कवी जाँ निसार अख्तर यांचे पुत्र जावेद १९६४ मध्ये मुंबईत आले. ‘सरहदी लुटेरा’ (१९६६) या चित्रपटाच्या निमित्ताने दोघांची भेट झाली. सलीम त्यात अभिनय करीत होते, तर जावेद साहाय्यक होते. पुढे सिप्पी फिल्म्सच्या कथा विभागात दोघांनी मासिक वेतनावर काम केले. ‘अंदाज’ (१९७१) आणि ‘सीता और गीता’ (१९७२) हे चित्रपट या काळातील होत. चित्रपट यशस्वी झाले, तरी लेखक अद्याप अनामिकच होते.

या अनामिकतेविरुद्धचा त्यांचा पहिला उघड प्रयत्न ‘जंजीर’ (१९७३) च्या वेळचा. भित्तिपत्रकांवर लेखकाचे नाव छापण्याचा प्रघात नव्हता. तेव्हा त्यांनी रंगाऱ्याकरवी मुंबईतील भित्तिपत्रकांवर आपले नाव रंगवून घेतले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. प्रसंग विनोदी वाटला तरी त्याचा आशय गंभीर आहे. लेखक येथे आपल्या नावासाठी निर्मात्याच्या मर्जीवर विसंबून राहिला नाही. एकट्या नवोदित लेखकाला असे धाडस परवडले असते काय, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. जोडीमुळे जोखीम विभागली जात होती आणि मागणीला बळ येत होते.

‘शोले’ (१९७५) ला आरंभी थंड प्रतिसाद मिळाला. तेव्हा प्रत्येक प्रमुख वितरण क्षेत्रात हा चित्रपट एक कोटी रुपयांचा व्यवसाय करील, अशी जाहिरात या दोघांनी व्यवसायपत्रांत दिली. लेखकाने वितरकांशी थेट बोलणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. ‘दीवार’ (१९७५) साठी त्यांना कथा, पटकथा व संवाद असे तिन्ही फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. पूर्वी तीन जणांत वाटले जाणारे श्रेय एकाच जोडनावाखाली आले.

ओळखीची दुसरी बाजू :

कथाविस्तार व पटकथेची बांधणी मुख्यतः सलीम यांची, तर संवाद जावेद यांचे, अशी विभागणी सामान्यतः सांगितली जाते. परंतु श्रेयनामावलीने ती कधीच मान्य केली नाही. यातच जोडनावाचे सामर्थ्य होते आणि मर्यादाही. कोणते वाक्य कोणाचे, हे अज्ञात राहिले तोवर जोडी अभेद्य होती. मात्र त्यामुळेच दोघांपैकी कोणाचीही स्वतंत्र ओळख घडली नाही.

१९८१ मध्ये जोडी फुटली. त्यानंतर प्रदर्शित झालेल्या ‘शक्ती’ (१९८२) ला उत्कृष्ट पटकथेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तो जोडनावालाच. ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) ही देखील त्याच नावाने पडद्यावर आला. व्यक्ती विभक्त झाल्या, नाव मात्र एकत्र राहिले. सलीम यांनी ‘नाम’ (१९८६) सारख्या चित्रपटाने एकट्याचे सामर्थ्य सिद्ध केले; परंतु पूर्वीचे सातत्य त्यांच्या लेखनाला पुढे लाभले नाही. जावेद यांनी ‘बेताब’ (१९८३) व ‘अर्जुन’ (१९८५) लिहिले. तथापि त्यांची नवी ओळख घडली ती ‘सिलसिला’ (१९८१) पासून सुरू झालेल्या गीतलेखनाने. गीतांसाठी त्यांना पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ‘तरकश’ (१९९५) हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला आणि ‘लावा’ या संग्रहाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. वडिलांकडून आलेला काव्याचा वारसा जोडीच्या ऐन बहराच्या वर्षांत लोकांसमोर आला नव्हता, ही बाब लक्षणीय आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, सहलेखन ही केवळ लेखनाची सोय नव्हती. ते लेखकाला बाजारात उभे राहण्याचे साधन होते. त्याने पटकथाकाराला नाव, मोबदला व प्रतिष्ठा मिळवून दिली. पण ते नाव दोघांचे असल्याने कोणालाही ते एकट्याने सोबत नेता आले नाही. विभक्त झाल्यावर दोघांनाही आपली ओळख नव्याने शोधावी लागली. पटकथाकाराच्या श्रेयाचा इतिहास लिहिताना जोडीने काय मिळवले याबरोबरच प्रत्येकाच्या वाट्याला काय उरले, याचीही नोंद होणे आवश्यक आहे.