धनराज पिल्ले : प्रेक्षकांचा लाडका, संघटनेचा नावडता

१/९
डिसेंबर १९९८, बँकॉक. आशियाई क्रीडास्पर्धेतील हॉकीचा अंतिम सामना. भारत आणि दक्षिण कोरिया १-१ असे बरोबरीत. पेनल्टी स्ट्रोकवर भारत ४-२ ने जिंकला आणि १९६६ नंतर, म्हणजे ३२ वर्षांनी, हे सुवर्णपदक परतले. कर्णधार होता खडकीचा धनराज पिल्ले. पुढच्याच मालिकेत मात्र तो संघाबाहेर होता. हे घडले कसे?

२/९
धनराजचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी पुण्याजवळच्या खडकीत, एका तमिळ कुटुंबात झाला. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. घरी चणचण होती. धन यावे या आशेनेच मुलाचे नाव धनराज ठेवले गेले. भावंडे मोडक्या स्टिक जुळवून त्या मातीत खेळत.

३/९
थोरला भाऊ रमेश मुंबईत हॉकी खेळत होता. त्याच्यामागून धनराज मुंबईला आला, महिंद्र अँड महिंद्रकडून खेळू लागला आणि १९८९ मध्ये भारतीय संघात पोहोचला.

४/९
तो काळ भारतीय हॉकीच्या पडझडीचा होता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून खेळ कृत्रिम हिरवळीवर गेला. वेग, ताकद आणि पेनल्टी कॉर्नर यांना महत्त्व आले. देशात अशी मैदाने मोजकीच होती. १९८० च्या मॉस्को सुवर्णानंतर ऑलिंपिक पदक दुरावले ते दुरावलेच.

५/९
अशा संघात धनराजची धाव हाच प्रेक्षकांचा आनंद होता. मानेवर रुळणारे केस, स्टिकला चिकटलेला चेंडू आणि बचावफळीला भेदत थेट वर्तुळात मुसंडी. त्याच्याकडे चेंडू आला की प्रेक्षक उभे राहत. १९९४ च्या सिडनी विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात तो एकमेव भारतीय होता.

६/९
मात्र तो मैदानाबाहेरही गप्प बसणारा नव्हता. खेळाडूंचे भत्ते, सोयी आणि मानमरातब याबद्दल तो उघडपणे बोले. बँकॉकच्या विजयानंतर त्याच्यासह सहा अनुभवी खेळाडू वगळले गेले, प्रशिक्षक एम. के. कौशिक यांचेही पद गेले. हॉकी महासंघाने कारण दिले ते ‘विश्रांती’चे. चाहत्यांना ती शिक्षा वाटली. जिंकलेला संघ मोडला गेला, हे मात्र निर्विवाद.

७/९
धनराज परतला, पण २००० च्या सिडनी ऑलिंपिकने घाव दिला. पोलंडविरुद्ध भारत १-० ने पुढे होता. जिंकल्यास उपांत्य फेरी निश्चित होती. शेवटच्या दोन मिनिटांत पोलंडने बरोबरी साधली आणि दार बंद झाले. भारत सातव्या स्थानावर राहिला.

८/९
तरीही तो थांबला नाही. २००२ मध्ये कोलोन येथील चॅम्पियन्स करंडकात, वयाच्या ३४ व्या वर्षी, तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००३ मध्ये क्वालालंपूरला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात पाकिस्तानला ४-२ ने नमवून प्रथमच आशिया चषक जिंकला. २००४ चे अथेन्स हे त्याचे चौथे आणि अखेरचे ऑलिंपिक. तेथेही सातवे स्थान.

९/९
चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा, चार चॅम्पियन्स करंडक; खेलरत्न आणि पद्मश्री. ऑलिंपिक पदक मात्र एकही नाही. ते भारताला मिळाले थेट २०२१ मध्ये, टोकियोत. धनराजच्या कारकिर्दीचा हिशेब केवळ पदकांनी मांडला, तर ज्या वर्षांत हॉकीकडे पाठ फिरवणे सोपे होते, त्या वर्षांत लोक मैदानावर कोणासाठी येत होते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. ते खडकीच्या या पोरासाठी येत होते.