रंगमापकांचा पासंग

इंग्लंडमधील सॉल्सबरी येथील बिअर उत्पादक जोसेफ विल्यम्स लोविबाँड यांनी आपल्या मालाचा रंग एकसारखा राहावा म्हणून रंगीत काचांचा आधार घेतला आणि १८८५ मध्ये ‘टिंटोमीटर’ या उपकरणाचा व्यवसाय सुरू केला. उपकरणात शेजारी शेजारी दोन झरोके असत. एकातून नमुना दिसे, दुसऱ्यात लाल, पिवळ्या आणि निळ्या काचा एकामागे एक सरकवल्या जात. दोन्ही झरोके डोळ्याला सारखे दिसू लागले की त्या काचांचे क्रमांक हेच नमुन्याच्या रंगाचे माप ठरे. ही पद्धत तेलाच्या व्यापारात पक्की रुजली. भारतातही अनेक खाद्यतेलांच्या मानकांत रंग अद्याप लोविबाँड मापात लिहिला जातो: पिवळ्याची एकके अधिक लालाच्या एककांची पाचपट.

या मापात चूक तीन वाटांनी शिरत असे: काच, प्रकाश आणि डोळा. अमेरिकेत सरकीच्या तेलाचा दर रंगावर ठरत असल्याने काचांविषयी तक्रारी आल्या. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये आयर्विन प्रीस्ट आणि कॅसन गिब्सन यांनी १९२० च्या दशकात या काचा तपासल्या. छापील क्रमांक आणि काचेचा प्रत्यक्ष रंग यांचा मेळ सर्वत्र बसत नव्हता. त्यामुळे प्रत्येक काचेला तपासून दुरुस्त अंक देण्याची पद्धत आली. यंत्र जसे आहे तसे ठेवून त्याच्या चुकीची नोंद करायची आणि ती नोंद वाचनातून वजा करायची, हे तत्त्व पुढच्या अनेक दुरुस्त्यांच्या मुळाशी राहिले.

डोळ्याचा प्रश्न १९३१ मध्ये सुटला. लंडनमध्ये विल्यम डेव्हिड राइट यांनी १० आणि जॉन गिल्ड यांनी ७ निरीक्षकांवर स्वतंत्रपणे रंगजुळणीचे प्रयोग केले होते. त्यांच्या एकत्रित आकड्यांवरून आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने, म्हणजे सीआयईने, एक ‘प्रमाण निरीक्षक’ मान्य केला. वस्तू प्रत्येक तरंगलांबीला किती प्रकाश परत पाठवते हे कळले की रंगाचे तीन आकडे गणिताने काढता येऊ लागले. माणसाच्या नजरेतील फरक हिशेबाबाहेर गेला आणि यंत्राच्या चुका उघड्या पडल्या.

हे परावर्तन मोजणारे पहिले यशस्वी स्वयंचलित यंत्र एमआयटीतील आर्थर हार्डी यांचे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९३५ मध्ये ते बाजारात आणले. त्यात नमुना आणि पांढरे प्रमाण यांच्याकडून येणारा प्रकाश एकाच फोटोसेलवर आळीपाळीने पडे. दिव्याचा उजेड कमीजास्त झाला किंवा फोटोसेल मंदावला तरी दोन्ही बाजूंना सारखाच फटका बसे आणि गुणोत्तर टिके. चुकीचा एक मोठा वर्ग अशा रीतीने रचनेतच निकालात निघाला. मात्र यंत्र महाग आणि अवजड होते.

कारखान्यांसाठी रिचर्ड हंटर यांनी १९४० च्या दशकात रंगीत गाळण्या लावलेल्या फोटोसेलची स्वस्त उपकरणे रचली. गाळणी आणि फोटोसेल मिळून प्रमाण निरीक्षकाच्या संवेदनशीलतेची नक्कल करतील, अशी त्यामागची कल्पना होती. ही नक्कल कधीच तंतोतंत जमत नसे. परिणामी आकडा निरपेक्षपणे चुके, पण जवळच्या दोन रंगांतला फरक बराच बरोबर येई, कारण दोघांची चूक जवळपास सारखी असे. म्हणून नमुन्याच्याच छटेची, आधी अचूक मोजलेली फरशी यंत्राला दाखवून तिच्या आधारे वाचन लावून घेण्याची रीत पडली.

यंत्र कोणतेही असो, परावर्तन कशाच्या तुलनेत मोजायचे हा प्रश्न उरे. सीआयईने १९३१ मध्ये त्यासाठी मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर निवडला होता. मॅग्नेशियमची फीत जाळून तिचा पांढरा धूर पट्टीवर धरला की हा थर तयार होई. तो नाजूक होता, त्याची जाडी दर वेळी वेगळी येई आणि काळानुसार तो पिवळसर पडे. प्रमाणच पिवळे पडले की निळ्या टोकाला प्रत्येक नमुन्याचे परावर्तन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसे. १९६९ पासून सीआयईने ही जागा एका काल्पनिक पृष्ठभागाला दिली, जो पडलेला सर्व प्रकाश सगळ्या दिशांना समान विखुरतो. प्रत्यक्ष वापरातील बेरियम सल्फेट किंवा दाबलेली पीटीएफई भुकटी यांचे अंक त्या आदर्शाच्या संदर्भात ठरवले जातात. पीटीएफईचे दृश्य प्रकाशातील परावर्तन ९९ टक्क्यांच्या वर असते.

पांढऱ्याने मापाचे वरचे टोक बसते. खालचे टोक शून्याचे. काहीही नसताना यंत्र थोडा प्रकाश दाखवत असेल, तर तराजूच्या पासंगासारखी ती भर प्रत्येक वाचनात पडते. फिकट नमुन्यात ती जाणवत नाही, पण गडद निळ्या किंवा काळ्या कापडात रंगच बदलून टाकते. ती ओळखण्यासाठी यंत्रासमोर प्रकाश शोषून घेणारा काळा सापळा ठेवतात. दोन टोकांमधले माप समप्रमाणात आहे का, हे वेगवेगळ्या राखाडी प्रमाणांनी तपासले जाते.

तरंगलांबीची चूक याहून फसवी. राखाडी वस्तूचे परावर्तन सगळ्या वर्णपटात जवळपास सारखे असल्याने तिच्यावर ही चूक दिसतच नाही. नारिंगी रंगात मात्र परावर्तन एकदम चढते. ते ४० नॅनोमीटरच्या अंतरात ६० टक्क्यांनी वाढत असेल, तर एका नॅनोमीटरची चूक परावर्तनात दीड टक्क्याचा फरक पाडते. तपासणीसाठी पाऱ्याच्या दिव्याच्या ४३५.८ आणि ५४६.१ नॅनोमीटरच्या रेषा, तसेच ठरावीक ठिकाणी प्रकाश शोषणाऱ्या डायडिमियम आणि होल्मियम ऑक्साइडच्या काचा वापरात आल्या. यंत्रात इतस्ततः विखुरलेला भटका प्रकाश ही आणखी एक अडचण होती. गर्द, शुद्ध रंग त्याच्यामुळे फिके भासतात. हार्डींच्या यंत्रात प्रकाश दोनदा विभागला जाई, त्यामुळे हा दोष फार कमी होता. पुढे प्रकाश विभागणाऱ्या एकाच जाळीने काम भागवणारी छोटी यंत्रे आली आणि तो पुन्हा वर आला.

काही चुका यंत्र आणि नमुना यांच्या संबंधातून जन्मतात. पोकळ पांढऱ्या गोलातून प्रकाश टाकणाऱ्या यंत्रात नमुना स्वतःच गोलाच्या भिंतीचा भाग बनतो. गडद नमुना लावला की गोलातला उजेडच घटतो. त्यावर उपाय म्हणजे भिंतीवर नजर ठेवणारा दुसरा किरण. अर्धपारदर्शक प्लास्टिक किंवा संगमरवरात प्रकाश आतल्या आत सरकून झरोक्याच्या कडेबाहेर निसटतो. म्हणून प्रकाशित भाग मोजलेल्या भागाहून मोठा ठेवावा लागतो. पांढऱ्या कापडात आणि कागदात चमक आणणारी द्रव्ये आली तेव्हा अनुस्फुरणाचा प्रश्न उभा राहिला. ती अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश सोडतात. अशा वेळी नमुन्यावर आधीच विभागलेला प्रकाश टाकला, तर निळ्या उजेडाची नोंद भलत्याच तरंगलांबीखाली होते. त्यामुळे संपूर्ण प्रकाश टाकून नंतर तो विभागणे आणि दिव्यातील अतिनील अंश गाळणीने ठरावीक पातळीवर आणणे, ही पद्धत रूढ झाली.

या सगळ्या दोषांची एकत्र झडती घेण्याचे साधन ब्रिटनमध्ये तयार झाले. ब्रिटिश सिरॅमिक रिसर्च असोसिएशन आणि नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी यांच्या सहकार्याने १२ चकचकीत फरश्यांचा संच प्रमाण म्हणून प्रचारात आला. राखाडी फरश्या मापाच्या समप्रमाणाची, नारिंगी आणि लाल फरश्या तरंगलांबीची परीक्षा घेतात. जवळजवळ सारख्या छटांच्या जोड्यांवरून यंत्राला लहान फरक कितपत कळतो हे समजते. या फरश्यांनाही एक मर्यादा निघाली. लाल, नारिंगी आणि पिवळ्या फरश्या तापल्या की त्यांच्या परावर्तनाचा चढ लांब तरंगलांबीकडे सरकतो. यंत्राच्या दिव्याने फरशी तापली तर फरशीचा बदल यंत्राच्या माथी मारला जाऊ शकतो. म्हणून प्रमाणपत्रावर तापमान नोंदलेले असते आणि मोजणीही त्याच तापमानाला करावी लागते.

संगणक स्वस्त झाल्यावर दुरुस्ती गणिताकडे गेली. कॅनडाचे ॲलन रॉबर्टसन यांनी १९८७ मध्ये फरश्यांच्या वाचनांवरून चुकीचा उगम ओळखण्याची रीत मांडली. रॉय बर्न्स आणि केल्विन पीटरसन यांनी १९८८ मध्ये ती सांख्यिकी प्रतिरूपात बसवली. प्रत्येक चुकीची खूण वेगळी असते: शून्याची चूक सर्वत्र सारखी भर घालते, पांढऱ्या टोकाची चूक परावर्तनाच्या प्रमाणात वाढते, तरंगलांबीची चूक आलेखाच्या चढाच्या आणि पट्टरुंदीची, म्हणजे यंत्र एका वेळी वाचते त्या तरंगलांबींच्या पट्ट्याच्या रुंदीची, चूक त्याच्या वळणाच्या प्रमाणात असते. फरश्यांवर आढळलेला फरक या खुणांमध्ये वाटला की प्रत्येकीचा हिस्सा कळतो आणि नव्या नमुन्याच्या वाचनातून तो वजा करता येतो.

पट्टरुंदीसाठी स्टर्न्स आडनावाच्या दोन संशोधकांनी १९८८ मध्येच सोपे सूत्र दिले. यंत्र एका बिंदूऐवजी अरुंद पट्ट्याची सरासरी घेत असल्याने आलेखाची शिखरे बुटकी आणि दऱ्या उथळ होतात. सूत्रानुसार मधल्या वाचनाला १.१६६ ने गुणायचे आणि दोन्ही शेजारच्या वाचनांचा प्रत्येकी ०.०८३ पट भाग वजा करायचा. पट्टरुंदी आणि वाचनांमधले अंतर समान असेल तिथेच ते लागू पडते. भटक्या प्रकाशासाठी अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेतील संशोधकांनी २००६ मध्ये सारणीची पद्धत प्रसिद्ध केली: लेसरने एकेक तरंगलांबी यंत्रात सोडायची, तिचा प्रकाश कुठे कुठे भटकतो ते नोंदायचे आणि त्या सारणीने प्रत्येक वाचन शुद्ध करायचे.

हे सारे उपाय केवळ नियमित चुकांना लागू पडतात, म्हणजे ज्या पुन्हा मोजले तरी तशाच येतात. दिव्याची क्षणिक थरथर, कापडाच्या विणीची दिशा किंवा नमुना ठेवण्यातला फरक यांवर सूत्र नाही. तिथे अनेक वाचनांची सरासरी हाच मार्ग. शिवाय फरशीवरून काढलेली दुरुस्ती चकचकीत, अपारदर्शक पृष्ठभागासाठी खरी असते. तीच जाड लोकरीवर वापरली तर एक चूक जाऊन दुसरी येते.