शाहूपुरीतली पुंटो : इंजिन मुबलक, दिवा दुर्मीळ
राजर्षी शाहूंनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीत आज कोणी जुनी डिझेल फियाट पुंटो घेऊ म्हटले, तर तिचा इतिहास आधी जाणून घ्यावा. ही इटालियन मोटार भारतात २००९ मध्ये आली. ती घडे पुण्याजवळच्या रांजणगावात, फियाट व टाटांच्या भागीदारीतील कारखान्यात. तिचे १.३ लिटरचे इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि टाटांच्या व्हिस्टातही बसले. पुंटो फारशी खपली नाही. इंजिन मात्र गावोगाव पोहोचले. पुढे पुंटोचे उत्पादनच थांबले. त्यामुळे इंजिनाचा बिघाड स्विफ्ट हाताळणारा मिस्त्री आजही काढतो; पुढचा दिवा फुटला, की मालकाची खरी परीक्षा. उद्यमनगरच्या लेथवर एखादे बुश कातून मिळेल, दिवा कुठला मिळायला? खरेदीपूर्वी दिवे, आरसे, दारांची कुलपे इंजिनाहून बारकाईने पाहावीत ती याचसाठी.