तेलाच्या पातळ थरातील पोकळ्या

* कॅव्हिटेशन : मजकुरात हा शब्द ओझरता आला आहे, पण येथे थांबायला हवे. जेट इंजिनातल्या बेअरिंगची बाहेरची कडी पुष्कळदा घट्ट न बसवता तिच्याभोवती साधारण ०.१ मिलिमीटरची फट ठेवतात आणि तीत तेल सोडतात. कडी स्वतःभोवती फिरत नाही; रोटर थरथरला की ती गोल डोलते, तेल चेपले जाते आणि कंपनाची ऊर्जा त्यात जिरते. हाच स्क्वीझ फिल्म डॅम्पर. रोल्स-रॉइसच्या कूपर यांनी १९६३मध्ये त्यावरचे सुरुवातीचे प्रयोग मांडले.

एका बाजूला तेल चेपले जाते तेव्हा समोरची फट रुंदावते आणि तिथला दाब कोसळतो. मग बुडबुडे येतात; हेच कॅव्हिटेशन. पण ते दोन जातींचे. कुंभकोणमच्या डिग्री कॉफीत दोन्ही दिसतात: उकळत्या दुधातले बुडबुडे वाफेचे, पेल्यातून दवऱ्यात (पसरट वाटीत) उंचावरून ओतल्यावरचा फेस बाहेरच्या हवेचा. तेलाच्या वाफेच्या पोकळ्या दाब चढताच मिटतात. उघड्या कडांतून ओढली गेलेली हवा मात्र तेलात मिसळून तशीच फिरत राहते, मिश्रण दबू लागते आणि कंपन शमवण्याची ताकद घटते. वेग व डोलणे वाढले की आणखीच. ऋण दाब शून्य धरून निम्मा थर हिशेबात घेणाऱ्या जुन्या गणितात ही हवा येतच नाही, म्हणून त्याचे आकडे फसवे ठरू शकतात. कडांना पिस्टन रिंगसारखी सील लावून आणि तेलाचा पुरवठा-दाब वाढवून हवेचा शिरकाव कमी करतात.
— संपादक